मावशींचं देणं

परदेशातल्या एका विद्यापीठात मी फिजिओथेरपी शिकवते. खांद्याचा धडा आला की सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी आठवतात. मांडीवर सूप, मान खाली आणि दिवसभर विड्या वळणं. हात वर जाईना म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "पंधरा दिवस आराम करा." त्या हसल्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते. आरामाचे पैसे कोण देणार? मग आम्ही दोघींनी मिळून दर १०० विड्यांनंतर करायचे दोन व्यायाम ठरवले. हात थोडा वर जाऊ लागला आणि मला इथली नोकरी मिळाली. उपचार अर्धवट राहिले.

आज तो प्रसंग मी वर्गात सांगते. विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. मला मान मिळतो. मावशींना काय मिळालं?

निघताना अनेकांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा दाखला दिला होता. तेही सोलापूरचे. १९३८ साली चीनला गेले, तिथे शिकवलंही, आणि १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. पण ते युद्धातल्या जखमींकडे गेले. मी माझ्या रुग्णांपासून दूर आले. देश दोघांनीही सोडला, दिशा मात्र उलट.

शिकवणं कमी मोलाचं नाही. माझे विद्यार्थी उद्या कुणाला "आराम करा" म्हणण्याआधी तो परवडतो का, हे विचारतील. पण एकाचं देणं दुसऱ्याला देऊन फिटत नाही. मावशींचं माझ्याकडे अजून बाकी आहे.