न थांबणारा टाळ



अलीकडे आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. 'महाराज, ज्याचे कर्म त्याच्यापाशी. मग फडाची शिस्त, दिंडीचा नंबर, विणेकऱ्याचा मान हे सारे कशाला? नाम काय घरी बसून घेता येत नाही?' येते की! तुळशीची माळ ज्याची त्यानेच घालायची असते. शेजाऱ्याने धरलेली एकादशी आपल्याला घडत नाही. तुकोबारायही भंडाऱ्यावर एकटेच जाऊन बसत. पण तेच तुकोबा डोंगर उतरून कीर्तनाला उभे राहिले, नि कीर्तन म्हटले की मागे टाळकरी आलेच.

व्यष्टी आणि समष्टी यांचा हा मेळ शास्त्रीपंडित पोथीतून सोडवितात. आम्ही म्हणतो, आषाढी वारीत माउलींच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी जाऊन उभे राहा. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करून पुकारा करतात आणि सारे टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती आपला टाळ थांबवीत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ खणखणत राहतात! मग चोपदार तिकडे जातात, काय झाले ते विचारतात, सोहळ्याच्या मालकांच्या कानी घालतात, निवाडा होतो. तोवर समाजआरती खोळंबलेली असते.

ती दिंडी रुसून तळ सोडून गेली असती, तर तिचे ऐकले कोणी असते? आणि तिला डावलून बाकीच्यांनी आरती उरकली असती, तर ती समाजाची आरती कसली? दोन्हींत दोष आहे. पण आम्हांला हा दुसरा फार जड वाटतो. चोखोबांचेच पाहा ना. त्यांनी काही पंढरी टाकली नाही, समाधीसुद्धा महाद्वारासमोरच. त्यांच्या जातभाईंना मात्र त्या दारातून आत जायला सहा शतके लागली. १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडले. तोवर काकड्यापासून शेजारतीपर्यंत आतल्या सगळ्या आरत्या अगदी वेळेवर होत होत्या!

तेव्हा यंदा वारीत समाजआरतीला जरा पुढे उभे राहा. एखाद्या दिंडीचे टाळ थांबले नाहीत, तर 'उशीर झाला, पाय दुखतात' म्हणून कुरकुरू नका. दिंडी कोणती, तिचे म्हणणे काय, हे शेजारच्या माळकऱ्याला विचारा.