३३ गोपद्मे

चातुर्मास आला की आपल्याकडे नेम धरण्याची चाल आहे. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी ज्ञानेश्वरी लावतो. आणि आयाबाया गोपद्मे काढतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज ३३, देवापुढे किंवा तुळशीपाशी, गाईच्या पावलाची लहानशी आकृती रांगोळीने काढायची. पाच वर्षे हा वसा चालवायचा, मग उद्यापन. पुरुषमंडळी याला बायकांचा विरंगुळा समजून सोडून देतात. मीही तसाच समजत होतो.

औसा तालुक्यातील एका गावी प्रवचन आटोपले, मंडळी पांगली, एक म्हातारी मात्र खांबापाशी बसून राहिली. म्हणाली, "महाराज, माळ घेतली की मन शिवारात पळतंय बघा. आन् रांगोळीची चिमट धरली की गप बसतंय. मंग माळ सोडून हेच केलं तर चालंल का? पर मालक गेले औंदा. जावा म्हणत्यात, तुला आता कशाला गोपद्मं? म्या काढावी का न्हाई?"

प्रश्न दोन होते. पहिला मला सोपा वाटला, पण तोच अवघड निघाला.

हात एकच आकृती पुन्हा पुन्हा काढू लागला म्हणजे मन निवते, हे खरेच आहे. उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद पसरून कोणी बाई दारात बसली की घटकाभर तिला हाक ऐकू येत नाही. पुढचा ठिपका कोठे, एवढीच काळजी उरते. (आता जाळीचे साचे मिळतात, वरून रांगोळी भुरभुरली की झाले. घाईच्या घराला ते ठीक, पण मन बसवायला त्यांचा उपयोग नाही.) परंतु मन निवले म्हणजे भजन झाले काय? नांदेडला गोदेच्या पात्रात बगळा एका पायावर उभा असतो. त्याच्याइतके स्थिर आपल्यापैकी कोण आहे? पण त्याचे चित्त माशावर!

म्हणून मी तिला म्हटले, "माय, माळ सोडू नका. पण मन गप बसते ना, ती जागा रिकामी ठेवू नका. एक गोपद्म, एक नाम." आपल्या भागाला हे नवे का आहे? गंगाखेडची जनाबाई जात्यावर बसे. तेरचे गोरोबाकाका माती तुडवीत. जाते तेच, पाऊल तेच, फेरा तोच, आणि त्यात विठ्ठल. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन ज्याने पाहिले त्याला हे वेगळे सांगायला नको. त्या फिरण्याने थकवा जातो की येतो, हे कोणी विचारतही नाही.

आता दुसरा प्रश्न. वसा सवाष्णीचा, वाणात चुडा असतो, म्हणून जावांचे म्हणणे. रीत आहे, नाही म्हणत नाही. पण गोपद्मांची कहाणी आठवा. ही पद्मे काढायला लावली कोणी? श्रीकृष्णाने, आपल्या बहिणीला, सुभद्रेला. भावाने बहिणीला दिलेला वसा! मालक गेले म्हणून भाऊ गेला काय? पंढरीचा तो उभाच आहे. चुड्याचे वाण नको तर राहू द्या. गाईचे पाऊल काढायला चुडा लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. ग्रामपंचायतीला जे सुचले ते टाळकऱ्यांच्या घरात सुचू नये, याची मला लाज वाटते. एकादशीला आपण एकमेकांच्या पाया पडतो. तेव्हा समोरची सवाष्ण की विधवा, हे पाहून वाकतो काय?

एवढे बोलून मी जावांनाही बोलावून घेतले. धाकटी खाली पाहत होती. थोरली म्हणाली, "आम्ही मोडा घालणार न्हाई महाराज, पर लोक?" मी म्हटले, लोक विचारतील तेव्हा माझे नाव सांगा.

म्हातारी उठली. जाताना एवढेच विचारले, "पावसानं पुसली तर पुना काढायची का?" मी म्हटले, "पुन्हा कशाला? पावसाचे दिवस आहेत, तुळशीपाशी नका काढू, आत देवापुढे काढा. आणि गुडघे दुखत असतील तर पाटावर काढा."