पेशीचा उंबरठा

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबे डबे घेऊन अल खोरजवळ अल थाकिरा येथे गेलो होतो. दोह्याहून उत्तरेला तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू, आणि शेवटी एकदम हिरवेगार तिवराचे रान. कोकणातल्या माणसाला तिवराचे कौतुक ते काय, पण वाळवंटात तो दिसला की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. चिरंजीवांनी एक पान चाटून पाहिले. "बाबा, खारट आहे!"

अरबी समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम मीठ असते, इथल्या आखातात ४० च्याही वर. त्या पाण्यात तिवर उभा असतो. बहुतेक मीठ तो मुळांपाशीच अडवतो आणि तरीही आत आलेले पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. "मग भिंतच का नाही बांधत?" चिरंजीवांचा प्रश्न. भिंत बांधली तर पाणी कुठून येणार?

वाचकहो, 'पेशीपटल हे निवडक्षम पारपटल आहे' हे वाक्य आपण शाळेत दोन गुणांसाठी पाठ केले आणि विसरलो. केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतका हा पडदा. प्राणवायूला तो अडवत नाही. साखरेला मात्र ठरावीक प्रथिनांच्या दारातूनच यावे लागते. सोडियम पुन्हा पुन्हा आत झिरपते, आणि आपल्या पेशी ते पुन्हा पुन्हा बाहेर काढतात: तीन कण सोडियमचे बाहेर, दोन पोटॅशियमचे आत. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी हा पंप १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत दाखवून दिला. नोबेल मिळायला १९९७ उजाडले. आपण स्वस्थ पडलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा या एका कामावर खर्च होतो. पेशी मरते तेव्हा हा खर्च थांबतो, आणि हळूहळू आत-बाहेर सारखेच होते.

पण सोडियम काही शत्रू नव्हे. मज्जातंतूतून संदेश जातो तो सोडियमची दारे क्षणभर उघडतात आणि ते आत धावते म्हणूनच. एवढ्या कष्टाने त्याला बाहेर ठेवायचे ते योग्य क्षणी आत घेता यावे म्हणून! हे वाचले आणि मला माझ्याच घराचा उंबरठा आठवला.

आमच्याकडे नियम होता: दाराच्या आत फक्त मराठी. नियम माझा, सौ.ला तो फारसा पटला नव्हता. शाळेतले सगळे इंग्रजीत घडणार, ते मराठीत सांगताना मुलगा अडखळणार, मी टोकणार. हळूहळू तो सांगेनासाच झाला. मला वाटले, मुलगा शांत स्वभावाचा आहे. पालकसभेत बाईंकडून कळले की त्याचा जिवलग मित्र दोन महिन्यांपूर्वीच मायदेशी परतला. वडिलांचे कंत्राट संपले होते. इथे हे नेहमीचेच, पण आम्हाला घरात पत्ता नव्हता. मी दार राखत बसलो होतो आणि आत पोर एकटे होते.

यावर 'चालतंय की, बोलू दे काहीही' हे उत्तर मला पटत नाही. त्यात खर्च नाही, एवढीच त्याची सोय. आणि माझ्या नियमातही खर्च नव्हता, नुसता हुकूम होता. आता तो कुठल्याही भाषेत सुरुवात करतो. मी आधी पूर्ण ऐकतो. मग आम्ही मिळून एखादा मराठी शब्द शोधतो. रोज वेळ जातो. कामावरून दमून आल्यावर नको वाटते, हेही खरे.

परवा जेवताना त्याने विचारले, "मित्राला मिस करतो, याला मराठीत काय म्हणायचं?" मी 'आठवण येते' म्हटले. ते त्याला पुरेसे वाटेना. सौ. पोळी वाढता वाढता म्हणाली, "त्याच्यावाचून करमत नाही, म्हण."

तो शब्द त्याने दोनदा म्हणून पाहिला.