चौथी गोळी

शहापूरकडच्या एका शेतकऱ्याने धाकट्या भावाला मुंबईत महापालिकेच्या इस्पितळात आणलं, तेव्हा पोराला धड उभं राहता येत नव्हतं. बुबुळं सारखी थरथरत होती, जीभ जड झाली होती. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू होतं, रोज 100 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. डॉक्टरांनी रक्तातली पातळी मागवली.

प्रयोगशाळेतला मुलगा नवा, पण हाताला सफाई होती. त्याने ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा काढला, त्यात इंटर्नल स्टँडर्ड मोजून घातलं, अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिनं खाली बसवली आणि वरची निवळ एचपीएलसी यंत्राला दिली. काही मिनिटांत पडद्यावर फेनिटॉइनचा पीक उठला, तो उठतच राहिला. कॅलिब्रेशनची रेघ मिलिलिटरला 40 मायक्रोग्रॅमपर्यंतच होती. औषध साधारण 10 ते 20 मध्ये लागू पडतं, पुढे बाधतं; त्यामुळे 40 च्या वर सहसा कामच पडत नाही. मुलाने रेघ तशीच पुढे ओढली आणि 43 लिहून आणलं.

“रेघ कुठवर आहे?” प्रयोगशाळेतल्या मॅडमनी विचारलं.

“40. पण सरळच तर चाललीय.”

“40 पर्यंत सरळ आहे, ते आपण तपासलंय. पुढचं कोणी तपासलंय?”

त्यांनी औषध नसलेला प्लाझ्मा पुढे सरकवला. पाणी घालून भागत नाही. नमुना प्लाझ्माचा, तर तो विरळही प्लाझ्मानेच करायचा. मुलगा मनातून वैतागला, पण निम्म्याने विरळ करून पुन्हा चालवलं. 25.5 आले. म्हणजे 51.

रिपोर्ट घेऊन दोघं बाहेर आली.

“काका, गोळ्या किती देता?”

“चार. मागे तीन गोळ्यांवर 12 आलं होतं, म्हणजे गोळीमागे चार. फेफरं थांबेना, म्हणून महिनाभर मीच एक वाढवली. 16 व्हायचं, वीसच्या आतच की!”

त्रैराशिक बिनचूक होतं. मॅडमनी समजावलं: यकृत हे औषध एका मर्यादेपर्यंतच फोडू शकतं. ती गाठली की रोजची शिल्लक रक्तात साठत जाते; गोळी एकच वाढते, पातळी चौपट होते. आता गोळ्या बंद, डॉक्टर सांगतील तेव्हाच पुन्हा सुरू.

शेतकऱ्याने मान हलवली. मग जरा थांबून म्हणाला, “मग नंतर साडेतीन चालतील?”

मॅडम काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, “मोजल्याशिवाय कसं सांगू, काका?”