तळाच्या माशाचा वाटा

बेळगाव-निपाणीकडेही आता काही घरांत काचेची मत्स्यपेटी दिसते. तिच्या तळाशी बोटभर लांबीचा, मिशा असलेला एखादा मासा वाळू हुंगत फिरत असतो. त्याचे नाव कोरिडोरास. मूळ ठिकाण दक्षिण अमेरिकेतील नद्या. आपल्या कृष्णेतील शिंगाळ्याचा हा दूरचा भाऊबंद. मूल विचारते, “हा काय खातो?” आपण सहज सांगतो, “तो घाण खातो. त्याला वेगळे काही घालावे लागत नाही.”

हे उत्तर खरे नाही. हा मासा विष्ठा खात नाही. नदीत तो वाळू चाळून अळ्या, किडे असे बारीक जीव शोधतो. पेटीत वरच्या माशांनी सोडलेले चार कण त्याला पुरत नाहीत. तळाशी बुडणारे अन्न त्याच्यासाठी मुद्दाम टाकावे लागते. पाण्यात प्राणवायू कमी पडला, की तो झटकन वर येऊन हवेचा घोट घेतो व आतड्यातून प्राणवायू शोषतो. म्हणून वाईट पाण्यातही तो काही काळ तग धरतो. आणि आपण समजतो, त्याचे बरे चालले आहे!

एखाद्याला ‘सफाईवाला’ म्हटले, की त्याच्या भुकेची जबाबदारी संपली, ही आपली जुनी खोड आहे. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. आपल्यातील कित्येकांच्या वाडवडिलांनी गाव झाडून उष्टे तुकडे खाल्ले. आणि तरीही मंडळीच्या प्रीतिभोजनानंतर उरलेला भात आपण मंदिर झाडणाऱ्या बाईच्या हाती देतो व त्याला दया म्हणतो.

कोणी म्हणेल, अन्न वाया घालवण्यापेक्षा दिलेले काय वाईट? वाया घालवू नयेच. प्रभूनेही उरलेले तुकडे गोळा करविले. पण त्याआधी सर्वांना गवतावर बसवून पोटभर जेवू घातले होते. बवाजाने रूथला सरवा वेचू दिला, तरी जेवणवेळी तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसविले. मळणीच्या बैलाचेही तोंड बांधू नये, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद २५:४). काम करणाऱ्याचा वाटा हा त्याचा हक्क आहे. उरलेसुरले देऊन तो फिटत नाही.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी मुलांना या माशाची गोष्ट जरूर सांगावी. मग एवढेच विचारावे : येत्या प्रीतिभोजनात मंदिर झाडणाऱ्या मावशी कोणाच्या शेजारी बसणार?