तीन पौंड

गाडीला जोर हवा तर पेट्रोलही जोरात गेलं पाहिजे, असं मला आजवर वाटत आलं. टायरमध्ये हवा भरतानासुद्धा मी दोन पौंड जास्तच सांगतो. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी जुन्या पद्मिनीला शर्यतीच्या गाडीसारखा वेबरचा कार्बोरेटर बसवायला घेतला, तेव्हा वडीलकीच्या नात्याने मी सुचवलं, की विजेचा पंप चांगला सात पौंडांचा घे आणि मधे रेग्युलेटरचा खर्च करू नकोस. चिरंजीव ‘बरं’ म्हणाले. त्यांचं हे ‘बरं’ फार जुनं आहे.

गाडी सुरू झाली, काळा धूर ओकली आणि बंद पडली. प्लग काढले तर काजळीने माखलेले; कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत होतं. मिस्त्रींनी आधी माझ्या हातातली पूजेची उदबत्ती विझवली आणि मग समजावून सांगितलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते. ती भरत आली की आतला फ्लोट वर येतो आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. पंगतीत आपण ताटावर आडवा हात धरतो ना, तसं. वेबरला साधारण तीन पौंड पुरतात. सात पौंडांचा आग्रह झाला की हात बाजूला सारून जिलबी पडतेच! (अमेरिकन होली कार्बोरेटर पाच ते सात पौंड खुशाल पचवतो. ज्याचं त्याचं पोट.)

“म्हणजे सुई खराब निघाली,” मी म्हणालो.

“सुई चांगली आहे, काका. एवढ्या दाबापुढे ती बसणार कशी?”

मी गप्प झालो. चिरंजीवांना इंजिनिअरिंगला मीच घातलं होतं. चार वर्षांचं शिक्षण सहा वर्षांत उरकल्यावर, “नको होतं तर तेव्हाच नाही म्हणायचंस!” हे मी त्यांना कितीदा तरी ऐकवलं. वाक्य बिनतोड आहे. नाही म्हणायला त्यांचं तोंड कुणी धरलं नव्हतं. पण ते ‘बरं’ म्हणजे होकार होता, की नुसती सुई उचलली गेली होती?

बरं, दाब नकोच म्हणावं, तर तेही खरं नाही. दाब कमी पडला तर भरधाव वेगात वाटी रिकामी होते, इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आणि पिस्टन जळायची पाळी येते. माझ्या वडिलांनी मला कधी कशासाठी ढकललं नाही आणि मी आयुष्यभर त्याबद्दल कुरकुरलो. बापाला तीन पौंड कळावेत कसे?

मिस्त्रींनी रेग्युलेटर बसवला आणि त्याच्या पुढे, कार्बोरेटरच्या तोंडाशी, मीटर. पंपापाशी का नाही, असं मी विचारलं. “तिथे पंपाचा जोर कळेल. कार्बोरेटरला काय सोसावं लागतंय, ते इथेच कळतं.”

स्क्रू फिरवता फिरवता काटा तीनवर आला. गाडी गुळगुळीत आवाज काढू लागली.

“साडेतीन करू या का?” माझ्या तोंडून गेलंच.

चिरंजीवांनी स्क्रूवर हात ठेवला. “नको, बाबा.”

मी विझलेली उदबत्ती खिशात घातली.