सत्कार कोणाचा आणि कशासाठी?

अमेरिकेतील मुसलमानांच्या नागरी हक्क संघटना दरवर्षी निरनिराळ्या शहरांतून सत्कार-भोजनाचे समारंभ भरवितात. १९९४ साली स्थापन झालेली ‘कौन्सिल ऑन अमेरिकन-इस्लामिक रिलेशन्स’ ही त्यांतील सर्वांत परिचित संघटना. कुराणपठणाने आरंभ होतो, भाषणे होतात, न्यायालयीन कामाच्या खर्चासाठी देणग्यांचे आवाहन होते आणि काही व्यक्तींना व्यासपीठावर बोलावून सन्मानचिन्हे दिली जातात. वक्त्यांत वकील असतात, धर्मगुरू असतात, लोकप्रतिनिधी असतात. अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले मुसलमान कीथ एलिसन यांनीही अशा मेजवान्यांतून भाषणे केली आहेत. सत्कारमूर्तींकडे पाहिले तर दोन प्रकारची माणसे ठळकपणे दिसतात. एक, ज्याच्यावर अन्याय झाला आणि जो गप्प बसला नाही. दुसरा, ज्याला स्वतःला काहीच झळ लागली नव्हती, ज्याचा धर्मही इस्लाम नव्हता, आणि तरीही जो पीडिताच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

या दुसऱ्या माणसाचा सत्कार आम्हांस विचारात पाडतो. दानधर्म गुप्तपणे करावा, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. दिवसभराचे काम उरकून आलेल्या चाकराने आभाराची अपेक्षा धरू नये, असा दाखलाही त्याने दिला. शेजाऱ्याच्या हाकेला धावणे हे जर कर्तव्यच, तर त्याचा गौरव कशासाठी? कर्तव्याला सन्मानचिन्ह दिले की ते कर्तव्य न राहता पराक्रम ठरते. आणि पराक्रम म्हटला की तो मोजक्यांनी करावा, इतरांनी टाळ्या वाजवून घरी जावे, अशी आपली सोय होते. हा आक्षेप क्षुल्लक नाही.

प्रथम पहिल्या प्रकारचे एक उदाहरण घेऊ. २००८ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे समांथा इलॉफ नावाची सतरा वर्षांची मुलगी एका मोठ्या कापड-कंपनीच्या दुकानात नोकरी मागावयास गेली. तिच्या डोक्यावर रुमाल होता. तो कंपनीच्या पोशाखाच्या नियमात बसत नाही म्हणून तिला नाकारण्यात आले. दुसरी नोकरी पाहणे सोपे होते. तिने दाद मागितली. सरकारच्या समान रोजगार आयोगाने खटला चालविला आणि १ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने आयोगाच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हे निष्ठावंत कॅथोलिक होते. त्या निकालाचा आधार गळ्यात क्रूस घालणाऱ्यालाही मिळतो आणि पगडी बांधणाऱ्या शिखालाही. एका मुलीने स्वतःसाठी मागितलेला न्याय सर्वांच्या पदरी पडला.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण अधिक जड आहे. २६ मे २०१७ रोजी, रमजानच्या आदल्या दिवशी, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात आगगाडीच्या डब्यात एक माणूस दोन मुलींना धर्म आणि वर्ण यांवरून शिवीगाळ करू लागला. त्यांतील एकीने हिजाब घातला होता. तीन पुरुष मध्ये पडले. त्याने सुरा काढला. रिकी बेस्ट आणि टॅलिसिन नामकाई-मेचे हे दोघे प्राणास मुकले, मायका फ्लेचर गंभीर जखमी होऊन वाचला. रिकी बेस्ट हे माजी सैनिक, चार मुलांचे वडील आणि कॅथोलिक होते. मुसलमान संस्थांनी त्या कुटुंबांसाठी निधी उभारला. बेस्ट यांचा कितीही गौरव केला तरी तो स्वीकारण्यास ते येणार नाहीत. मग तो गौरव कोणासाठी? आम्हांस वाटते, तो गौरव करणाऱ्यांसाठीच असतो. ज्यांच्यासाठी कोणी मध्ये पडले, त्यांनी आपले ऋण दहाजणांसमोर उच्चारावे, म्हणजे ते विसरता येत नाही.

ऋण कसे फेडावे, हे फ्रेड कोरेमात्सु यांच्या आयुष्याने दाखविले. जपानी आईबापांच्या पोटी कॅलिफोर्नियात जन्मलेला हा तरुण अमेरिकन नागरिक होता. १९४२ साली सरकारने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला. त्याला अटक झाली. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. विरोधी मत नोंदविणाऱ्या तिघांत फ्रँक मर्फी हे कॅथोलिक न्यायमूर्ती होते. या हुकमामागे वंशद्वेष आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. १९८३ साली कोरेमात्सु यांची शिक्षा रद्द झाली आणि १९९८ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ते पदक घेऊन स्वस्थ बसण्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु २००३ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ग्वांटानामोच्या तळावर विनाखटला डांबलेल्या मुसलमान कैद्यांच्या वतीने त्यांनी सर्वोच्च न्यायालयात निवेदन सादर केले. २००५ साली ते वारले. २०१८ साली काही मुस्लिमबहुल देशांतील लोकांना प्रवेशबंदी करणारा हुकूम त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला, आणि १९४४ चा निकाल चुकीचा होता, हेही त्याच निकालपत्रात म्हटले! जुन्या अन्यायाची कबुली देणे सोपे असते. समोरचा अन्याय ओळखणे कठीण.

अशा समारंभांना मर्यादा आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांत निधिसंकलन असते, राजकारण असते. संघटनांवर टीका होते, आणि प्रत्येक वक्त्याचे प्रत्येक मत स्वीकारार्ह असते असेही नाही. समाज आपल्याच लोकांना हार घालून आपलीच पाठ थोपटतो, हा धोका मुसलमानांपुरता नाही. म्हणूनच परका सत्कारमूर्ती महत्त्वाचा. त्याला बोलाविणारा समाज नकळत एक वचन देतो, की उद्या तुमच्यावर पाळी आली तर आम्हीही येऊ. ते वचन पाळले तर समारंभ सार्थ, नाहीतर ते नुसते जेवण.

आम्ही कॅथोलिकांनी हे विशेष ध्यानी धरावे. त्याच अमेरिकेत १८३४ साली बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथे जमावाने अर्सुलाइन भगिनींचा मठ जाळला. १९६० साली जॉन केनेडींना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभे राहून सांगावे लागले की, आपल्या सार्वजनिक निर्णयांवर धर्मपीठाची सत्ता चालणार नाही. तुमची निष्ठा नेमकी कोणाशी, हा मुसलमानांस विचारला जाणारा प्रश्न एके काळी आमच्याच बांधवांस विचारला जात होता.

धर्मग्रामाच्या सणाला आपणही मांडव घालतो, शाल-श्रीफळ देतो. देणगीदार, पदवीधर, निवृत्त शिक्षक यांचा मान योग्यच आहे. पण आपल्या संकटात धावून आलेला, आपल्या वेदीसमोर कधीही गुडघे न टेकलेला एखादा शेजारी त्या मांडवात आपण शेवटी कधी बोलाविला होता? आणि त्याच्या सणाला आपल्यापैकी कोणाला बोलवावे असे त्याला वाटेल, असे आपण काय केले आहे?